वरच्या रानाबद्दल लिहिणार नव्हते

सोन्या,

परवा ताईच्या मोबाईलवर तू फोटो टाकलेस ना, तिकडच्या, आयर्लंडातल्या लीनान गावाचे, दोन डोंगरांच्या मधून समुद्र आत आलेला आणि पबच्या बाहेर तू जर्किन घालून उभा, खाली लिहिलंस की इथे द फील्ड पिक्चरचं शूटिंग झालंय, आईला सांग. सांगितलं तिनं. मला डायरेक्ट टाकले असतेस तरी चाललं असतं, मी काय भांडले नाहीये तुझ्याशी. असो. बघितला मी तो पिक्चर. ताईनं लॅपटॉपवर लावून दिला, खाली इंग्रजी अक्षरं येत होती तरी निम्मं कळेना, ते लोक बोलतात की गुळण्या करतात कोण जाणे, तुझं ऑफिसात कसं चालतं? मग दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून बघितला.

आधीच सांगते, पप्पांचा विषय मी काढणार नाही. पिक्चरबद्दलच लिहिणार आहे.

1990 चा पिक्चर आहे आणि आपल्याकडे कुणी नावसुद्धा घेत नाही त्याचं. जिम शेरिडनचा. त्याच्या आदल्या वर्षीच्या माय लेफ्ट फूटला दोन ऑस्कर मिळाले म्हणून तो सगळ्यांना माहीत, आणि हा बिचारा मागे राहिला. बुल मॅकेब नावाचा म्हातारा शेतकरी, रान एका विधवा बाईचं, हा खंडानं करतो. खाली नुसता खडक. तर हा आणि त्याचा पोरगा टायग समुद्राचं शेवाळ करंड्यांत भरून पाठीवर घेऊन डोंगर चढतात आणि त्या रानात टाकतात, असं वर्षानुवर्षं, तेव्हा कुठे तिथं गवत उगवलंय.

मला तिथंच आबा आठवले. 1972 ला तळं आटलं, सगळं गाव खडी फोडायला जायचं, आणि आबा दिवसभर खडी फोडून संध्याकाळी बैलगाडी घेऊन तळ्यात, गाळ आणायला, बैलसुद्धा निम्मे उपाशी. वरच्या रानात तेव्हा मुरूमच होता, कुळीथ धड येत नव्हता. पप्पा नऊ वर्षांचे, घमेल्यानं गाळ पसरायचे. आणि तू दिवाळीत फोनवर म्हणालास, त्या मुरमात काय ठेवलंय, विकून टाका.

बघ, काढणार नाही म्हणलं आणि काढलाच.

बुलचं काम केलंय रिचर्ड हॅरिसनं. तू आणि ताई टीव्हीवर हॅरी पॉटर बघायचात, त्यातला पहिल्या दोन भागांतला पांढऱ्या दाढीचा मास्तर, तोच. मला खरंच वाटेना. मूळ हे नाटक आहे जॉन बी. कीनचं, 1965 मध्ये डब्लिनला रे मॅकअनली म्हणून नट होता त्यानं बुल केलेला, पिक्चरमध्येही तोच करणार होता, पण शूटिंगच्या आधी वारला. मग हॅरिस. साठीला आलेला माणूस, आणि हातात काठी घेऊन पबमध्ये आला की आख्ख्या पबचा आवाज खाली येतो, कुणी सांगायला लागत नाही की ह्याला गाव घाबरतं. पण मला जास्त आवडलं ते तो ओरडत नाही तेव्हाचं. रानातल्या मातीकडे नुसता बघतो ना, तसं बघणं शिकवून येत नाही. त्याला ऑस्करचं नॉमिनेशन होतं, दिलं जेरेमी आयर्न्सला. देणाऱ्यांनी गाळाचं घमेलं कधी उचललं नसणार, दुसरं काय.

पण खरं सांगू का, मला झोप लागू दिली नाही ती त्याच्या बायकोनं. ब्रेंडा फ्रिकर. होम अलोनच्या दुसऱ्या भागातली कबुतरवाली बाई, आठवली? पिक्चरमध्ये ती नवऱ्याशी अठरा वर्षं बोललेली नाही. थोरला पोरगा लहानपणीच जीव देऊन गेला, बाप त्याला म्हणालेला की रान एकाच संसाराला पुरतं, तुला कुठंतरी जावं लागेल. तेव्हापासून. एकाच घरात वावरतात, ती ताट वाढते, शब्द नाही. कॉलेजात नाटक बसवताना आमचे सर म्हणायचे, संवाद नसतो तेव्हा तुझे हात काय करतात ते लोक बघतात, तेव्हा मला ते कळलं नव्हतं, मी आपली पदराचं टोक पिळत बसायची. हिचे हात बघ एकदा. माय लेफ्ट फूटसाठी तिला ऑस्कर मिळालं ते बरोबरच, पण मला विचारशील तर हे काम त्याहून अवघड आहे.

अठरा वर्षं रे. आपल्या घरात चारच महिने झालेत पण सुरुवात अशीच होत असणार.

बरं, जॉन हर्टबद्दल राहिलं. बर्ड म्हणून एक आहे, दात पडके, बुलच्या मागे मागे फिरणारा लाचार. निळूभाऊंच्या पाटलामागे हुजरे असायचे तसा, पण ह्याची कीवही येते. अमेरिकेहून आलेला तो पैसेवाला मात्र लाकडासारखा वाटला मला, मूळचा आयरिश, रान विकत घ्यायला आलेला. आणि बुलचा खरा राग त्यांच्यावरच, दुष्काळात गाव सोडून गेले त्यांच्यावर. शेवटही जरा जास्तच झालाय, गुरं कड्यावरून काय जातात, म्हातारा काठीनं लाटांना काय मारतो. पण गुरांच्या मागे पोरगा जातो ना, टायग, तेव्हा मी लॅपटॉप बंदच केला. ताईनं परत लावला. ज्याच्यासाठी रान राखलं तोच राहिला नाही, आणि त्या पोराला रान नकोच होतं, त्याला दुसरीकडे जायचं होतं, एवढं साधं कुणी त्याला विचारलं नाही.

तुला तरी आम्ही विचारलं का? मी विचारलं नाही. शिकायला जा म्हणलं, नोकरी लागली तेव्हा मारुतीच्या देवळात पेढे वाटले, छातीत बसवायच्या स्टेंटच्या कंपनीत आहे म्हणून अजून सांगत सुटते, मागच्या आठवड्यात बसमध्ये कंडक्टरलाही सांगितलं. पण आता तू लांब आहेस तर निदान जीभ तरी जपून वापर, बापाला असं तोडून बोलायचं नसतं, हिशोब बरोबर असला म्हणून

जाऊ दे. लेक्चर झालं, माफ कर. शाळेतून रिटायर झाले तरी सवय जात नाही. आणि हिशोब तुझा बरोबरच आहे, डाळिंब तेल्या रोगानं गेलं, सोसायटीचं कर्ज आहे, रोड झाल्यापासून प्लॉटिंगवाले दर महिन्याला येऊन चहा पिऊन जातात. मी पप्पांना सांगितलंही की पोराचं अगदी चुकीचं नाही. तर जेवले नाहीत त्या रात्री. बीपीची गोळी पण तशीच. हे तुला भीती घालायला लिहीत नाही, आता बरे आहेत.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा बघत होते तेव्हा हे दारात येऊन उभे राहिले, चष्मा शोधतोय म्हणाले, चष्मा डोक्यावर. अर्धा पाऊण तास शोधत होते. शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचारतात, ते शेवाळ खारं असणार, त्यानं जमीन चोपण नाही का होत? तिकडे अजून टाकतात का कोणी?

मी म्हणलं मला काय माहीत. ते म्हणाले, त्याला माहीत असेल.

तर तिथल्या कुणा शेतकऱ्याला विचार आणि मला नको सांगू, मला त्यातलं कळत नाही, त्यांनाच फोन करून सांग. ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, दहाला मोटार चालू करायला जातात, विहिरीवर रेंज नसते. त्याच्या आधी लाव. आणि पहिल्यांदा उचलला नाही तर परत लाव, त्यांना तो हिरवा गोळा सरकवायला जमत नाही एका दमात.

आई