बाहुलीच्या वाट्याचे बोलणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या, मुलाचे नाव लक्षात ठेवणाऱ्या, त्याच्याशी गप्पा मारणाऱ्या बाहुल्यांच्या बातम्या गेली काही वर्षे सर्वच वृत्तपत्रांतून येत असतात आणि त्यांत बहुधा दोनच गोष्टींची चर्चा असते: ती बाहुली किती हुशार आहे आणि तिने ऐकलेले मुलाचे बोलणे कुठे साठवले जाते. दुसरा मुद्दा गंभीर आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु बाहुलीच बोलू लागली तर मुलाने काय बोलायचे, हा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मला तो पडतो, याचे कारण माझी लहानपणीची बाहुली. तिला तोंडच नव्हते.

ती आजीने शिवली होती. उशीच्या जुन्या खोळीचे तिचे अंग होते, आत चिंध्या ठासून भरल्या होत्या आणि डोक्यावर काळ्या लोकरीच्या बटा होत्या. डोळे काळ्या दोऱ्याने भरताना डावा डोळा उजव्याहून थोडा वर गेला होता, त्यामुळे नुकतेच काहीतरी अद्भुत ऐकल्यासारखी ती कायम दिसे. तोंड लाल दोऱ्याने करायचे ठरले होते, पण लाल दोरा संपला होता. ते काम उद्यावर गेले आणि मग राहूनच गेले. मला त्याची उणीव कधी भासली नाही, कारण तोवर ती बोलू लागली होती. अर्थात माझ्या तोंडून, थोड्या किनऱ्या आवाजात, आणि माझ्यापेक्षा पुष्कळच धीटपणे.

मी अबोल मूल होते. घरी कुणी आले की दाराआड उभी राहत असे. मात्र ‘हिला अंधाराची भीती वाटते’, ‘हिला आज शाळेत जायचे नाही’, ‘हिचा दादावर राग आहे’ हे सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आई धोरणी होती. मला काही न विचारता ती बाहुलीलाच विचारी, ‘काय गं, शाळेत का नाही जायचे?’ आणि बाहुली सगळे सांगून टाकी. मी शाळेत जाऊ लागले त्या वर्षीची एक दुपार मला अजून आठवते. बाहुलीला भिंतीला टेकवून मी तिला पाढे शिकवत होते, आणि तिचा पाढा चुकला म्हणून मी तिच्यावर अशी ओरडले, तिला इतके लागट शब्द बोलले, की आई हातातले काम टाकून शेजारच्या खोलीतून धावत आली. ते शब्द आमच्या घरात कुणाच्याच तोंडी नव्हते. वर्गात आमच्याशी कसे बोलले जाते, हे तिला त्या दिवशी कळले. मी तक्रार केली नव्हती. या गोष्टीची तक्रार करायची असते, हेच मला ठाऊक नव्हते.

मोठेपणी थोडेफार वाचन झाले, तेव्हा कळले की आईने जे सहज केले, ते काही लोकांनी विचारपूर्वक शास्त्र म्हणून उभे केले होते. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९२० च्या दशकात मुलांच्या मनात काय चालले आहे ते जाणून घेण्यासाठी त्यांच्यापुढे लहान लहान लाकडी माणसे, जनावरे आणि गाड्या ठेवायला सुरुवात केली, कारण लहान मूल मोठ्या माणसासारखे समोर बसून आपले दुःख सांगू शकत नाही. त्या खेळण्यांविषयी त्यांचे दोन आग्रह मला फार बोलके वाटतात. एक म्हणजे ती यांत्रिक नसावीत. आणि दुसरा म्हणजे माणसांच्या बाहुल्यांकडे पाहून त्या अमुक एका व्यवसायाच्या आहेत असे कळता कामा नये. बाहुलीने स्वतःबद्दल जितके कमी सांगावे, तितके मुलाला तिच्याकडून अधिक सांगून घेता येते. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या, म्हणजे रुडॉल्फ स्टायनर यांच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या शाळांतील कापडी बाहुल्यांचे डोळे आणि ओठ मुद्दामच अगदी पुसट ठेवलेले असतात, तेही याच विचाराने. म्हणजे तीच बाहुली सकाळी हसरी आणि संध्याकाळी रडवेली होऊ शकते. आमच्या आजीने दोऱ्याअभावी ही मजल त्यांच्याही पुढे मारली होती, एवढेच.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राड येथे मुलांच्या खेळाविषयी एक व्याख्यान दिले होते. खेळात मूल स्वैर असते, हा आपला समज त्यांनी त्यात खोडून काढला आहे. खेळात आई झालेली मुलगी आईपणाचे नियम स्वखुशीने पाळते, आणि खेळाबाहेर जे तिला कुणी करायला लावू शकत नाही, ते खेळात ती आपण होऊन करते. याचा दाखला मी स्वतः आहे. हात न धुता जेवायला बसण्याबद्दल मी रोज बोलणी खात असे. पण बाहुलीचे हात न धुता तिला भरवल्याचे मला आठवत नाही. तिला आठाच्या ठोक्याला निजवायचे असे, आणि ती निजल्यावर खोलीत कुजबुजत बोलायचे असे. हा कायदा मोठ्यांनाही लागू होता. वडील तो निमूटपणे पाळत, याचे मला तेव्हा नवल वाटत नव्हते, आता वाटते.

एकदा मात्र घरात मोठा बाका प्रसंग ओढवला. आईने बाहुली धुतली. मी शाळेतून आले तेव्हा ती दोरीवर उलटी लटकत होती, पायांना दोन चिमटे लावलेले, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होते. वाळल्यावर ती मऊ आणि स्वच्छ झाली होती, पण तिचा वास गेला होता. पुढचे दोन दिवस मी तिला अंथरुणात घेतले नाही आणि ती एक अक्षरही बोलली नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली मांडलेल्या एका प्रसिद्ध निबंधात नेमके हेच आले आहे: मुलाला जीव की प्राण असलेली अशी वस्तू कळकट होते, तिला वास येतो, तरी समजूतदार आई ती धूत नाही, कारण धुतल्याने मुलाच्या अनुभवाची सलगता तुटते. हे वाचताना मी कबूल केले पाहिजे की मला आईचीच बाजू घ्यावीशी वाटली, कारण ती बाहुली खरोखरच पाहवत नव्हती. पण त्याच निबंधातला दुसरा विचार मी विसरलेले नाही. अशा वस्तूबद्दल मुलाला आपण कधी विचारत नाही, की ही तू स्वतः मनाने निर्माण केलीस की तुला बाहेरून मिळाली. तो प्रश्न न विचारणे हा जणू मूल आणि मोठे यांच्यातला अलिखित करार असतो. बोलणाऱ्या बाहुलीने नेमका हाच करार मोडतो. तिचे बोलणे बाहेरून आलेले आहे, हे मुलाला पहिल्याच वाक्याला कळते.

या बाहुल्या नव्या आहेत, असेही समजण्याचे कारण नाही. थॉमस एडिसन यांनी १८९० साली बाजारात आणलेल्या बाहुलीच्या पत्र्याच्या पोटात मेणाच्या नळीचा छोटा फोनोग्राफ, म्हणजे नळीवर कोरलेला आवाज ऐकवणारे यंत्र, होता. पाठीवरची दांडी फिरवली की ती एक बालगीत म्हणत असे. नळी लवकर झिजे, आवाज कर्कश येई, आणि काही आठवड्यांतच ती विक्रीतून मागे घ्यावी लागली. १९६० च्या सुमारास दोरी ओढली की अकरा वाक्यांपैकी एक वाक्य बोलणारी ‘चॅटी कॅथी’ आली. २०१५ मध्ये आलेली ‘हॅलो बार्बी’ मुलाचे बोलणे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवी आणि लेखकांनी आधी लिहून ठेवलेल्या सुमारे ८,००० वाक्यांमधून उत्तर देई. ‘माय फ्रेंड कायला’ नावाच्या बाहुलीला तर जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१७ मध्ये छुपे हेरगिरीचे साधन ठरवून बंदी घातली. जून २०२५ मध्ये बार्बीची मॅटेल कंपनी आणि माणसाशी संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्ता (चॅटजीपीटी) तयार करणारी ओपनएआय यांनी एकत्र काम करण्याची घोषणा केली आहे, म्हणजे हा विषय इतक्यात संपणारा नाही. अकरा वाक्यांचा मला फारसा धाक वाटत नाही. मूल ती आठवड्यात पाठ करते आणि मग हवी तिथे वापरते. न संपणारे बोलणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

याउलट ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातील इजिप्तमधली एक बाहुली आहे. ती लिननच्या कापडाची आहे आणि तिच्या पोटात चिंध्या आणि पपायरसचे (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचे) तुकडे भरलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांमधली ही वस्तू. तिचे छायाचित्र मी प्रथम पाहिले, तेव्हा तिला कुणीतरी कोणत्या आवाजात बोलते केले असेल, याच विचारात बराच वेळ गेला.

कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ४ ते ८ वर्षे वयाच्या मुलांच्या मेंदूतील हालचाली खेळताना मोजल्या. दुसऱ्यांना समजून घेण्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग मूल एकटेच बाहुल्यांशी खेळत असतानाही कामाला लागतो, आणि तेवढा तो एकट्याने टॅब्लेटवर खेळताना लागत नाही, असे त्यांना दिसले. मुलगे आणि मुली यांच्यात याबाबत फरक आढळला नाही. या अभ्यासाला पैसा मॅटेलनेच पुरवला होता, हे लगेच सांगितले पाहिजे. तरीही त्याचा निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो, आणि मुलग्यांबद्दलचा भाग तर विशेष. माझा भाऊ बाहुलीचा डॉक्टर होता. पण मित्र आले की तो तिला ओळख दाखवत नसे. अमेरिकेत १९६४ साली मुलग्यांसाठी सैनिकाची बाहुली काढणाऱ्या कंपनीने तिला ‘बाहुली’ न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ म्हटले, ते अशाच मित्रांच्या भीतीने असणार.

हे सगळे लिहिण्याचे निमित्त म्हणजे माझी पाच वर्षांची नात. तिला वाढदिवसाला बोलणारी बाहुली भेट मिळाली. पहिले तीन दिवस ती तिच्यापुढे प्रेक्षकासारखी मांडी घालून बसत असे, प्रश्न विचारी आणि उत्तराची वाट पाही. चौथ्या दिवशी बाहुली आजारी पडली. तिला १०४ ताप होता, कपाळावर ओली पट्टी होती, मला डॉक्टरांना फोन करायला सांगण्यात आले होते, आणि एवढ्यात रुग्ण मोठ्याने म्हणाला, ‘आज मी खूप आनंदात आहे! चल, नाचू या!’ नातीने माझ्याकडे पाहिले. मग ती बाहुलीला दटावून म्हणाली, ‘तुला बरे नाहीये.’ बाहुली म्हणाली, ‘मला तुझ्याशी खेळायला आवडते.’ शेवटी तिला पांघरुणात गुंडाळून वर उशी ठेवण्यात आली, तरी आतून बोलणे चालूच होते. बंद करण्याचे बटण शोधता शोधता मला कळले की ते पाठीवरच्या झाकणाच्या आत आहे आणि झाकणाला स्क्रू आहे. स्क्रूड्रायव्हर सापडेपर्यंत रुग्णाने आणखी दोनदा नाचण्याची इच्छा व्यक्त केली होती.

बॅटरीच्या झाकणाला स्क्रू का असतो, हे मला समजते. लहान मुलांनी बॅटऱ्या तोंडात घालू नयेत म्हणून तो हवाच. पण आवाज बंद करण्याचे बटणही त्याच झाकणाखाली ठेवण्याचे कारण मला समजत नाही.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. अशा बाहुल्यांवर बंदी घालावी, असे मी म्हणत नाही. नात त्या बाहुलीशी अजूनही खेळते, मात्र बॅटरी काढल्यावर, आणि तिचा आजार आता बराच उताराला आहे. आपल्या पुरवणीत खेळण्यांची ओळख करून देताना बाहुली किती भाषा जाणते आणि किती प्रश्नांना उत्तरे देते, याबरोबरच ती मुलाच्या हाताने, हत्याराशिवाय, ताबडतोब गप्प करता येते का, हेही तपासून छापावे. खेळणी तयार करणाऱ्यांनी ते बटण बाहुलीच्या पोटावर, पाच वर्षांच्या बोटाला दाबता येईल असे द्यावे. आणि भेटवस्तू निवडणाऱ्या वाचकांनी दुकानात हा एक प्रश्न विचारावा. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर बाहुली उलटी करून पाठीवर स्क्रू आहे का आणि बटण कुठे आहे, ते स्वतः पाहून घ्यावे.

आपली,
एक आजी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)