नौपाड्याच्या काकूंना, रात्री दोनच्या फोनबद्दल

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही 'अगं, आभार कसले मानतेस, जेवलीस का?' म्हणून विषयच बदलता. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

त्या रात्रीच्या आधी तीन आठवडे माझं पोट दुखत होतं. ठाण्यात असते तर गोखले रोडला आपल्या डॉक्टरांकडे जाऊन बाकावर बसले असते. त्यांनी जीभ बघितली असती, पोट दाबलं असतं, 'बाहेरचं काय खाल्लंस?' म्हणून ओरडले असते. इथे स्टुटगार्टजवळ तीन दवाखान्यांनी 'नवीन पेशंट घेत नाही' सांगून दारातूनच परत पाठवलं. चौथ्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि 'जर्मनीत जर्मन बोलायचं' असं सुनावलं. तेही इंग्रजीत! आतल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत कॅमोमाइलचा चहा प्यायला सांगितला. खरंच, चहा. दर महिन्याला पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो तो चहासाठी, हे मला माहीत नव्हतं.

नवऱ्याच्या कंपनीतल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विम्याचं कार्ड हातात ठेवून 'आता काही काळजी करू नका' म्हटलं होतं. कार्ड छान आहे, फोटोबिटोसकट. पण दवाखान्यात दुभाष्या लागला तर त्याचे पैसे विमा देत नाही, हे सांगायचं त्या विसरल्या. इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं तर ओवा, हिंग, वज्रासन आणि 'परदेशात सगळं कसं शिस्तीत असतं' यावर एक लेख आला. एका भल्या माणसाने ११६११७ नंबर दिला, दवाखाने बंद असतात तेव्हाचा. लावला. पलीकडून जर्मन सुरू झालं, मी ठेवून दिला.

आणि मग जानेवारीतली ती रात्र. नवरा कामासाठी हॅम्बुर्गला. मी एकटी टॅक्सीने हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. तिथे विचारतात, दुखणं एक ते दहामध्ये किती? आता आपल्याकडे दहा म्हणजे बाळंतपण किंवा मरण. माझ्या तोंडून संकोचाने 'पाच' निघालं. पाचवाल्यांना बसवून ठेवतात. मी दोन तास बसले. इथे साडेनऊ म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे दोन, हे कळत असूनही तुम्हाला फोन लावला, कारण जर्मन येणारं आपलं माणूस म्हणून मला तुम्ही एकट्याच आठवलात.

तुम्ही दुसऱ्या रिंगला उचललात. मी रडतच होते. तुम्ही 'काय झालं', 'कुठे आहेस', 'बरोबर कोण आहे' यातलं काहीच विचारलं नाहीत. म्हणालात, "बाळा, कळ येतेय की ठणकतंय?"

काकू, मला याच वाक्याबद्दल लिहायचं होतं. तीन आठवड्यांत इतक्या जणांनी मला दुखतंय का, कधीपासून, किती, असं विचारलं. पण कसं दुखतंय ते कोणीच विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार? माझं इंग्रजी 'पेन'पाशी संपतं. मी म्हटलं, "कळ. लाटेसारखी येते, जाते. जेवल्यावर जास्त. उजव्या खांद्यापर्यंत चढते." तुम्ही म्हणालात, "हां. आता फोन नर्सला दे."

पुढचं मला अर्धवटच कळलं. 'डी श्मेर्त्सन कोमेन इन वेलन', म्हणजे कळा लाटांसारख्या येतात, एवढं कानावर पडलं आणि नर्सचा चेहरा बदलला. मध्येच तुम्ही तिला हेही सांगितलंत म्हणे, की या मुलीने मान डावी-उजवीकडे डोलावली तर ते 'हो' असतं, 'नाही' समजू नका. म्हणजे दोन तास मी सगळ्याला हो म्हणत होते आणि त्या कागदावर नाही लिहीत होत्या! तासाभरात सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, सूज. पुढचं ऑपरेशन, सह्या, बिलं यांची कथा सांगत बसत नाही. संध्याकाळी पाच वाजता रात्रीचं जेवण म्हणून थंड ब्रेड आणि काकडीचं लोणचं देतात, तेवढं मात्र विसरणार नाही.

ती नर्स मूळची तुर्की. तिची आई पहिल्यांदा जर्मनीत आली तेव्हा दवाखान्यात आईच्या वतीने तीच बोलायची, आठ वर्षांची असताना. माझी ड्रिप बदलता बदलता तिने हे सांगितलं, फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून. तिची ड्यूटी संपली होती, तरी थांबली होती. अशी माणसं कुठल्याही देशात असतात, आणि त्या काउंटरवरच्या बाईसुद्धा कुठल्याही देशात असतात. ठाण्यातही आहेत, आपण त्यांना ओळखतो. फरक असा की ठाण्यात मला भांडता येतं.

तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी लोकल पकडून व्हीटीला उतरून काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जायचात, तेव्हा सोसायटीतले लोक 'याचा उपयोग काय' म्हणून हसायचे, असं आई सांगते. त्यांना हे पत्र पाठवावं म्हणते.

तुम्ही नंतर पाठवलेल्या कागदाचा फोटो मी छापून फ्रिजवर लावलाय. टोचणं: श्टेशेंट. ओढल्यासारखं: त्सीएंड. जळजळ: ब्रेनेंड. मुरडा: क्राम्फआर्टिश. तुमच्या अक्षरातला 'ळ' अजून तसाच, शेपूट लांब. इथल्या दोन मराठी मुलींनी त्याची कॉपी नेली. एकीने विचारलं, 'चमक भरणं' राहिलंय का? तेवढं पाठवा.

मे महिन्यात येतेय. तेलकट अजून जपूनच खायला सांगितलंय, तेव्हा मामलेदारच्या मिसळीचा बेत नको. तळ्यावर जाऊन बसू. आणि हो, ती नर्स घरी सोडताना तुमची चौकशी करत होती. तुमचं आडनावच काकू आहे असं तिला वाटतं. म्हणाली, "फ्राऊ (म्हणजे श्रीमती) काकूंना नमस्कार सांगा."

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची