डिस्चार्ज बुकात न आलेली पदकं

सातारा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची तुझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, डिस्चार्ज बुकाची (फौजेतून सुटताना मिळणाऱ्या नोंदपुस्तकाची) झेरॉक्स, दोन्ही मिळालं. झेरॉक्सवाल्यानं डावी कड खाल्ली आहे, तरी भिंग लावून पदकांचा रकाना वाचता आला. रक्षा मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, बस्स. तात्या पासष्टलाही फ्रंटवर होते आणि एकाहत्तरलाही, आणि बुकात मात्र एवढंच, यावरचा तुझा संताप मला कळतो. पण त्या भरात तू जो चार पानी अर्ज खरडला आहेस ना, तो पाठवू नकोस. मी वाचला. फर्मास आहे, दिवाळी अंकाला दे. जवानांचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला नको.

का, ते सांगतो. तिथं बसलेल्या क्लार्कला तात्यांनी काय पराक्रम केला हे तपासायचं नसतं. अमुक नंबरचा जवान अमुक तारखेला अमुक युनिटच्या पटावर होता का आणि ते युनिट तेव्हा कुठं होतं, एवढंच तो बघतो. वीरचक्र किंवा सेना मेडल वेगळं. त्यासाठी कुणीतरी शिफारस करावी लागते, गॅझेटात नाव यावं लागतं. आपण बोलतोय ती लढाईत हजर असल्याची पदकं. तारीख आणि जागा जुळली की ती लागू होतात, नाही जुळली तर ब्रह्मदेव आला तरी मिळत नाहीत.

आता तात्यांचं पान या नजरेनं परत वाच. रक्षा मेडल मिळालं ते ५ ऑगस्ट १९६५ या दिवशी नोकरीत असलेल्या आणि तोवर १८० दिवस भरलेल्या सगळ्यांना, मग माणूस छांबच्या आघाडीवर असो की देवळालीच्या छावणीत. समर सेवा स्टार मात्र ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात जे प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात होते त्यांनाच. म्हणजे कागदाच्या लेखी तात्या तेव्हा फौजेत होते, पण लढाईत नव्हते. पुढंही तेच. पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्या प्रत्येकाला होतं, ते आहे. एकाहत्तरच्या पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल नाही. संग्राम मेडलची मुदत तर ३ डिसेंबर १९७१ पासून २० डिसेंबर १९७२ पर्यंत, आणि जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात हे सगळं त्यात येतं. तरी नाही. तेव्हा 'माझ्या वडिलांवर अन्याय झाला' हे वाक्य खोड आणि त्या दोन काळांत तात्या कागदावर कुठं दिसतात ते आधी शोध.

मला हे शहाणपण आमच्या मामांमुळं आलं. मामा एएससीत, म्हणजे फौजेला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर. बुकात सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या नोकरीचं मेडल, पंचविसाव्या वर्षाचं, सगळं रीतसर. एकाहत्तरचं काहीच नाही. आणि मामा तर लहानपणापासून आम्हाला पूर्व पाकिस्तानातल्या, मेघना नदीकाठच्या आशुगंजच्या गोष्टी सांगत आलेले! त्रिपुरात तेव्हा आगगाडी धर्मनगरपर्यंतच जायची, तिथून पुढं दारूगोळा, डिझेल, रेशन, सगळं ट्रकनं. त्या रस्त्यानं मामांनी महिना-दीड महिना गाडी ओढली आणि लढाई सुरू झाल्यावर पायदळामागं सीमेपलीकडच्या आखाउड्याहून थेट मेघनेच्या काठापर्यंत नेली. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानं तिथला पूल उडवला. आपलं पायदळ हेलिकॉप्टरनं पलीकडं गेलं आणि मामांसारखे ड्रायव्हर गाड्यांसकट अलीकडच्या काठावर अडकले. "ढाका पडल्याचं आम्हाला रेडिओवर कळलं," हे ते अजून जरा रागानंच सांगतात.

मग नोंद का नाही? मामा मूळच्या युनिटमधून तिकडं गेले ते अटॅचमेंटवर, म्हणजे पट जुन्याच युनिटचा आणि माणूस दुसऱ्याच्या हाताखाली. ते जुनं युनिट पार मध्य भारतात शांततेच्या ठिकाणी. जवानाच्या बाबतीत जे जे घडतं, बदली, रजा, लग्न, पोरंबाळं, ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं आणि ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोचली की त्याच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या मूळ नोंदपत्रकावर, चढते. अटॅचमेंटची ऑर्डर कुठंतरी पडली. पदकं तर युद्ध संपल्यावर जाहीर झाली, यादी करायची वेळ आली तेव्हा मामा तिसऱ्याच युनिटमध्ये. त्रिपुरावाल्यांना वाटलं मूळचं युनिट नाव पाठवेल, मूळच्या युनिटला काही पत्ताच नाही. गंमत म्हणजे त्याच शीट रोलवर आमच्या मामेबहिणीच्या जन्माची नोंद तारखेनिशी आहे. मुलगी झाल्याचं सरकारला कळलं, लढाईला गेल्याचं नाही.

हा शीट रोल डोळ्यांनी बघायला मिळणं हीच खरी पायरी. डिस्चार्ज बुक म्हणजे त्याचा उतारा, तोही निवृत्तीच्या वेळी घाईत केलेला. आम्ही माहितीच्या अधिकाराखाली साधा अर्ज केला, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली, आणि शीट रोल व वैद्यकीय कागदांच्या प्रती मागितल्या. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर पहिलं अपील करायचं, चिडून दुसरा अर्ज नाही. तात्या पेन्शनर आहेत, त्यामुळं त्यांचे कागद असायला हवेत. पेन्शन न होता सुटलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, मग लाँग रोलमधल्या (सगळ्या जवानांच्या नोंदवहीतल्या) एखाद-दुसऱ्या ओळीवर भागवावं लागतं. तुझे धाकटे चुलते असेच लवकर सुटून आले होते ना? त्यांचं काही काढणार असशील तर आधीच सांगतो, तिथं घरातली ट्रंकच कामाला येईल.

आणि ट्रंकेवरून आठवलं, आमच्या प्रकरणात जीव आणला तो मामींच्या ट्रंकेनं आणि मामांच्या तापानं. मामींनी लग्नानंतरची सगळी आंतरदेशीय पत्रं लुगड्याच्या धडप्यात बांधून ठेवली होती. आम्हाला वाचायला द्यायला तयार नव्हत्या (मामा तेव्हा बरेच रसिक असावेत). पत्ता आणि शिक्का तेवढा पाहू दिला. एरवीच्या पत्रांवर युनिट आणि गावाचं नाव. नोव्हेंबर ७१ नंतरच्या पत्रांवर मात्र मामांच्या नंबर-नावाखाली दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि शेवटी 'द्वारा ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). फौजेतली पत्रं पश्चिमेकडं ५६ एपीओनं जातात आणि पूर्वेकडं ९९ एपीओनं, हे आम्हाला सांगितलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात गावाचं नाव नाही, नुसता नंबर आणि तारीख. ते पत्र हातात धरून सुभेदारसाहेब म्हणाले, "हे चांगलं आहे, पण हे तुमच्या घरातलं. आता फौजेच्या घरातलं काहीतरी काढा."

ते निघालं वैद्यकीय कागदांत. जानेवारी १९७२ मध्ये मामांना मलेरिया झाला होता. कुठल्या फील्ड अँब्युलन्समध्ये (फौजेच्या फिरत्या दवाखान्यात) दाखल केलं, कुठल्या कंपनीकडून आले, किती तारखेला सोडलं, सगळं डॉक्टरच्या गिचमिड अक्षरात. कंपनीचं नाव तेच, जे पत्रावर. शीट रोल म्हणतो माणूस मध्य भारतात, आणि त्याच फाइलीतला आजाराचा कागद म्हणतो पूर्वेकडं तापानं फणफणलाय. फौजेचाच कागद फौजेच्या कागदाशी भांडतोय म्हटल्यावर कुणाला आमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही.

अर्ज मग एका पानाचा केला. वर नंबर, हुद्दा, नाव, कोर. खाली कोणती पदकं नोंदवायची, पूर्व आघाडीचा 'पूर्वी स्टार' आणि संग्राम मेडल, आणि प्रत्येकापुढं कालावधी, युनिट, कोणता कागद कोणत्या पानावर. तू लिहिलंस तशी 'सर्व हक्काची पदकं मिळावीत' अशी मोघम मागणी केलीस की उत्तरही मोघमच येतं. जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत का, असं तू विचारलंस. जोड, पण त्यावर विसंबू नकोस. मामांचे एक सोबती कराडकडं असतात, त्यांच्या प्रतिज्ञापत्राकडं कुणी फारसं पाहिलं नाही. पण अटॅचमेंटवाल्या कंपनीचा नंबर पत्रावर पुसट झाला होता तो बरोबर सांगितला त्यांनीच. तात्यांच्या बरोबरचं कुणी हयात असेल तर सहीसाठी नको, आठवणीसाठी गाठ. आणि हे लवकर कर.

नावाचं स्पेलिंगही तपास. तुमचं आडनाव इंग्रजीत कुणी एका 'ए'नं लिहितं, कुणी दोन. बुकात एक, पेन्शनच्या कागदावर दुसरं आणि आधारवर तिसरं असलं तर अर्ज तिथंच अडतो.

आता पैशाचं. तुझा मेहुणा म्हणाला ना, की पदकं वाढली की पेन्शन वाढते? नाही वाढत. शौर्यपदकांना भत्ता असतो, या स्टारला आणि मेडलला एक छदामही नाही. त्यामुळं 'काम करून देतो' म्हणत टक्केवारी मागणारा कुणी भेटला तर त्याला टक्के कशाचे हे जरूर विचार.

मामांची नोंद मंजूर झाल्याचं पत्र आलं. पदकं स्वतः अजून यायची आहेत. नोंद होणं आणि पदक हातात पडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, तेव्हा तात्यांना आधीच कल्पना देऊन ठेव. मामांनी तोवर लष्करी सामानाच्या दुकानातून टेलर्स कॉपी, म्हणजे विकत मिळणारी नक्कल, आणली. लांबून ओळखू येत नाही. पण खऱ्या मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, हिची कड कोरी. मामा ती बोटानं चाचपतात आणि म्हणतात, "ही कुणाचीही असू शकते." मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी आम्ही पेढे आणले, तर हे चष्मा लावून आधी आपला नंबर एकेक आकडा ताडून बघत बसले. माझ्या मुलानं फ्रेम करू म्हटलं. "फ्रेम कसली करतोस, फायलीला लाव," म्हणाले, आणि पुढच्याच मिनिटाला कराडला फोन लावून तासभर बोलत बसले.

तर तू आता एवढं कर. बुकाची सगळी पानं, कोरी असली तरी, कडा न कापता झेरॉक्स करून पाठव. तात्यांना पासष्ट आणि एकाहत्तरमधली युनिटं, गावं, कमांडरांची नावं आठवतील तशी सांगू दे आणि तू मध्ये न बोलता लिहून घे. चूक वाटली तरी दुरुस्त करू नकोस. काकूंच्या पत्रांचं काय झालं तेही विचार, पण जरा बेतानं. आजारपण, अपघात, रजेवर येताना रेल्वेचं वॉरंट, काहीही चालेल. अर्जाचा कच्चा मसुदा मी करतो, तुझ्या हातात पेन द्यायची सोय नाही.

पुढच्या महिन्यात धाकटीच्या कामासाठी तुमच्याकडं येणं होईल असं दिसतंय. तेव्हा तात्यांशी सविस्तर बोलेन. त्यांना आणि काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अण्णा