देवाशी भांडण म्हणजे विश्वास संपला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा जाऊन आता तीन वर्षं होतील. तो गेला तेव्हा भेटायला आलेले बहुतेक सगळे एकच बोलून गेले, देवाची इच्छा, त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल, रडू नका. त्यांचा हेतू चांगला होता हे तेव्हाही कळत होतं पण त्या शब्दांनी मी देवापासून आणखीच लांब गेले. सहा महिने प्रार्थना केली नाही, करायला बसले की तोंडातून फक्त 'का' निघायचं आणि वाटायचं हे पाप आहे.

मग एका रात्री झोप येईना म्हणून बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढून बसले, मुलंबाळं, धनदौलत सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट. लहानपणापासून ईयोबाचा धीर, ईयोबाचा धीर एवढंच ऐकलेलं, पण सलग वाचलं तर हा माणूस देवाशी केवढा भांडतो! जन्मलो तो दिवसच नाहीसा होवो म्हणतो. त्याचे मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात (माझ्या मते तेवढंच त्यांनी बरोबर केलं) आणि मग देवाची बाजू घेऊन त्यालाच दोष देत सुटतात. आणि 42व्या अध्यायात देव रागावतो तो कोणावर तर या मित्रांवर, म्हणतो माझ्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोब. मी ते परत परत वाचलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळी रडले.

बायबलमधल्या 150 स्तोत्रांतसुद्धा कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत. येशूने वधस्तंभावर जे म्हटलं, माझ्या देवा तू मला का सोडलंस, ती 22व्या स्तोत्राची सुरुवात. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही काही नाही, तरी ते कोणी काढून टाकलं नाही. आणि आपले तुकोबा, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली त्यांची, 'माझे लेखी देव मेला' इथपर्यंत बोलले ते, पण विठ्ठलाला सोडलं नाही.

अजून एक, बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो तेव्हा देव त्याला उपदेश नाही करत, आधी झोपू देतो, दूत पाठवून खायला प्यायला देतो, तेही दोनदा. म्हणून ज्यांना जगणंच नको झालंय त्यांनी डॉक्टरकडे जाणं, औषध घेणं यात विश्वास कमी पडला असं कृपा करून कोणी म्हणू नये. मीही घेतली औषधं.

ईयोबाला शेवटपर्यंत 'का'चं उत्तर मिळत नाही, पण वावटळीतून देव स्वतः बोलायला येतो. मलाही उत्तर मिळालेलं नाही. पण रोज रात्री दिवा घालवायच्या आधी मुलाचं नाव घेऊन त्यालाच विचारते, का रे देवा, आणि मग झोप लागते.

आपली,
एक आई