पुठ्ठा माझ्याकडे सरकवणाऱ्या गॅरेजवाल्या काकांना

काका, नमस्कार.

परवा रात्री परत आलो. गाडी अजून धुतली नाहीये, मडफ्लॅपवर चिखल तसाच वाळलाय, पण आधी हे लिहायला बसलेय कारण सगळ्या ट्रिपभर डोक्यात हेच चालू होतं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाचाल तेव्हा कळेल तुम्हाला.

तुमच्याकडे यायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी मी कच्च्या, चिखलाच्या वाटांवर न्यायला गाडी तयार करून घेतली होती. स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), गाडी 2 इंच उंच करणारी लिफ्ट, छतावर मोठा कॅरिअर, पुढे लायटींची रांग, सगळं. तिथे मी काहीही विचारलं तरी उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून यायचं, आणि तो सोबत नसला की "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो". गाडी माझी, चालवते मी, अडकली की चिखलात उतरते मी. हे तिथे दोनदा सांगूनही काही फरक पडला नाही.

आणि ती लाल कडी. पुढच्या बंपरखाली एक कडी त्यांनी लाल रंगवून दिली आणि म्हणाले हा तुमचा रिकव्हरी पॉइंट, गाडी अडकली की इथून ओढायची. पहिल्याच ट्रिपला गाडी पोटापर्यंत बसली, पुढच्या गाडीने पट्टा लावला तो त्याच कडीला, एक झटका बसला आणि कडी तुटून पट्ट्यासकट उडाली ती थेट त्या गाडीची मागची काच फोडून आत. माझा भाऊ मिनिटभर आधी तिथे उभा होता. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. त्या लोकांना फोन केला तर म्हणाले तुम्ही चुकीचं ओढलं असेल.

ती कडी गाडी ट्रकवर चढवली की बांधून ठेवायला असते, ओढायला नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. खरा रिकव्हरी पॉइंट चॅसीला बोल्ट केलेला हवा, त्याच्यावर किती भार चालतो ते माहीत हवं, पट्टा अडकवायच्या शॅकलवर 4.75 टन असं कोरलेलं दिसलं पाहिजे, आणि ट्रेलर जोडायच्या टो बॉलला तर पट्टा कधीच लावायचा नाही कारण तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि लोक मेलेत त्याने. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता काका. माझ्यावर नाही, ज्यांनी ती कडी रंगवली त्यांच्यावर. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कुणाला तरी त्या उडालेल्या कडीचा माझ्याइतकाच राग आलाय.

मी काय काय बसवायचं याची यादी घेऊन आले होते. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, ताई, जाता कुठे, किती जण, काय काय भरता? मग डिझेल फुल्ल, पाणी, तंबू, माणसं, सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्यायला लावलीत. छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये 75 किलो लिहिलीय आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी वर दुसरं स्टेपनी चाक, डिझेलचे कॅन असं सगळं रचून फिरत होते. उताराला गाडी आडवी झुकायची तेव्हा पोटात गोळा यायचा तो उगाच नाही. बसवण्याआधी तुम्ही उतरवलंत. कुठल्या दुकानदाराने आजवर माझ्या गाडीवरून काही उतरवलं नव्हतं.

बाकी काय काय केलंत ते इथे लिहीत बसत नाही. पण स्नॉर्कलचं सांगायलाच हवं. इंजिन चालू ठेवून तुम्ही त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरलात. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं होतं, ते आरामात चालू राहिलं. म्हणजे खाली एअर बॉक्सच्या जोडाला फट होती, हवा तिथून आत येत होती. मी त्या स्नॉर्कलच्या भरवशावर पाण्यात गाडी घालणार होते. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, खेळ खलास. जोड सील करून तुम्ही मला म्हणालात आता तुम्ही हात ठेवा. ठेवला. तळहात आत ओढला गेला, इंजिन थरथरलं आणि थांबलं. त्या शांततेत मला रडू आलं, तुम्ही बघितलं असेल, पण काही बोलला नाहीत, त्याबद्दलही थँक्यू.

पण काका, मला खरं बोलायचंय ते पुठ्ठ्याबद्दल.

काम झाल्यावर मी नेहमीसारखी बाजूला उभी होते, चावी कधी मिळते याची वाट बघत. तुम्ही गाडीखाली आडवे होतात. मग तुम्ही अंगाखालचा पुठ्ठा काढलात, तेलाचे डाग असलेली बाजू खाली केलीत, तो माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "या ताई, आत या, तुमचीच गाडी आहे." स्वतः उघड्या फरशीवर, पाठ थेट सिमेंटला. पाऊण तास आपण दोघं गाडीखाली होतो. लिफ्टसाठी घातलेल्या जुन्या स्पेसरमुळे चाक खाली लोंबलं की ब्रेकचा होज कसा तारेसारखा ताणला जात होता ते तुम्ही माझं बोट धरून दाखवलंत. डिफ्रन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, हवा ये-जा करायचा ब्रीदर दाखवलात, गरम डिफ्रन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते म्हणून त्याची नळी वर नेलीत ते दाखवलंत. आणि मग पिवळा पेंट मार्कर माझ्या हातात देऊन प्रत्येक घट्ट केलेल्या नटावर रेघ मारायला लावलीत, नटावरून खालच्या पट्टीपर्यंत सरळ. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला, बास, एवढंच बघायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवसभर पन्हाळी पत्र्यासारख्या खडखडाट रस्त्यावरून गेल्यावर, सगळे तंबू लावत होते आणि मी टॉर्च घेऊन खाली शिरले. मागच्या डाव्या शॉकच्या खालच्या बोल्टवर रेघ तुटली होती. पाव फेरा. 19 चा पान्हा लावला, घट्ट केला, जुनी रेघ पुसून नवी मारली. दहा मिनिटांचं काम. तो बोल्ट रात्रीतून नाही पण दुसऱ्या दिवशीच्या उतारावर नक्की गेला असता आणि तिथे एका बाजूला दरी होती.

माझा भाऊ पण होता या वेळी. बाहेरून विचारत होता काय झालं, आणि मी म्हणाले काही नाही, बघितलं, झालं. किती साधं वाक्य आहे, पण असं मला गाडीच्या बाबतीत आधी कधी म्हणता आलं नव्हतं.

अशी माणसं असतात काका, प्रत्येक कामात असतात, ज्यांना समोरच्याला माहीत नाही याचा फायदा घ्यावासा वाटत नाही, उलट जे येतं ते देऊन टाकावंसं वाटतं. शाळेत एखादे सर असतात तसे, दवाखान्यात एखादी सिस्टर असते तशी. ती भेटेपर्यंत माणूस समजत असतो की आपल्यालाच कळत नाही, आपलीच चूक. मला तीन वर्षं असं वाटत होतं.

टायरचंही जमलं. वाळूत 16 पीएसआयपर्यंत हवा उतरवली, गाडी तरंगल्यासारखी गेली, डांबर लागायच्या आधी थांबून परत 32 भरली, घाई असूनही थांबले, तुम्ही बजावलं होतंत म्हणून. पाण्यात एकदाच जावं लागलं, आधी चालत जाऊन खोली बघितली, मग गाडी घातली. परत आल्यावर मागच्या डिफ्रन्शियलचं तेल बघितलं, स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही, म्हणजे पाणी शिरलं नाही.

500 किलोमीटरला सगळे नट परत तपासायचे म्हणालात, तेवढे किलोमीटर होऊन गेलेत. पुढच्या आठवड्यात येते. रेघा चिखलाने पुसट झाल्यात, मार्कर मी आणते. पुठ्ठेही आणते, दोन.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई