माझ्या गालावर किती जूल ऊर्जा मारली, ते मला कागदावर हवं आहे

मा. आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

पत्र लिहायला बसण्याआधी आरशात पाहून आले. उजव्या गालाच्या हाडापासून खाली चार तपकिरी चौकटी आहेत, विटा रचाव्यात तशा, मध्ये फिकट फटी. सात महिन्यांपूर्वी त्या काळ्याठिक्कर होत्या. आता फिकटल्या आहेत, पण उन्हातून आले की पुन्हा ठळक होतात.

बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. ते लेसरने मुळापासून जातात, असं एका स्किन क्लिनिकमध्ये मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाई काउन्सेलर होत्या, डॉक्टर नव्हेत. वांग आटोक्यात ठेवता येतात, पण त्यांचं मूळ उपटून काढता येत नाही, आणि उष्णतेने ते उलट गडदही होऊ शकतात, हे मला फार उशिरा कळलं. पॅकेज ठरलं, पैसे भरले आणि मग संमतीपत्रावर सही घेतली. तीही मी केसांना पट्टी लावून आडवी झाल्यावर! आडव्या माणसाने बारीक अक्षरातली दोन पानं कशी वाचायची, हे त्यांनाच ठाऊक.

पहिली सिटिंग ठीक गेली. थंडगार जेल, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि प्रत्येक झोताला रबर बँड सटकन बसावा तशी चुणचुण. दुसऱ्या वेळी मशीन चालवणारी मुलगी वेगळी होती. गालावर चटकाच बसला आणि बारीक केस जळल्याचा वास आला. मी म्हटलं, ‘अहो, भाजतंय.’ ती म्हणाली, ‘म्हणजे काम होतंय, मॅडम.’ मी गप्प पडून राहिले. तिच्यापेक्षा जास्त राग मला त्या गप्प राहण्याचा येतो. या दोन सिटिंगच्या मधल्या काळात मी आठवडाभर उन्हात हिंडून आले होते. ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्याचा इथे काही संबंध असेल हे माझ्या गावीही नव्हतं. संबंध होता. रापलेल्या कातडीत वरच्या थरातच मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, वाढलेलं असतं. मग प्रकाश खाली डागापर्यंत पोहोचायच्या आधी वरच शोषला जातो आणि त्याची उष्णता तिथेच साठते.

दुसऱ्या दिवशी चौकटी उमटल्या, चौथ्या दिवशी खपल्या धरल्या. क्लिनिकने एक मलम दिलं आणि ‘दोन आठवड्यांत निघून जाईल’ असं सांगितलं.

दोन महिन्यांनी मी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. या पत्राचं खरं कारण तिथे घडलं. त्यांनी विचारलं, ‘कोणतं मशीन होतं?’ मी म्हटलं, ‘लेसर.’ त्यांनी दिवा जवळ आणून गाल पाहिला. ‘हे आयपीएल असावं. मशीनच्या टोकाचा आकार उमटलाय बघा.’ लेसर एकाच तरंगलांबीचा असतो. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) म्हणजे साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचा झोत, त्यातला नको तो भाग फिल्टर लावून अडवायचा. यातला आखूड लांबीचा प्रकाश मेलॅनिन जास्त शोषतं, म्हणून सावळ्या कातडीवर जपून, कमी ऊर्जेने काम करावं लागतं. 1064 नॅनोमीटरचा लेसर तिथे तुलनेने सुरक्षित मानतात. मग त्यांनी भराभर विचारलं: फिल्टर कुठला, एका चौरस सेंटिमीटरला किती जूल, झोत किती मिलिसेकंदांचा, आधी कानामागे किंवा जबड्याजवळ छोट्या जागेवर पॅच टेस्ट केली होती का, माझी त्वचा कोणत्या प्रकारात धरली होती? मला एकाचंही उत्तर देता येईना. पुढचा उपचार त्यांनी अंदाजाने ठरवला.

त्या क्लिनिकला फोन केला, तर उत्तर आलं, ‘सगळं स्टँडर्ड सेटिंगवर होतं.’ कुणाच्या कातडीसाठी स्टँडर्ड? त्वचेचे प्रकार ठरवण्याची जी पट्टी जगभर वापरतात, ती फिट्झपॅट्रिक या डॉक्टरांनी 1975 मध्ये गोऱ्या त्वचेसाठी मांडली. ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते, यावरून केलेले चार प्रकार. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. मापाच्या पट्टीतसुद्धा आम्हाला मागाहूनच जागा मिळाली, मग एखाद्या मशीनच्या ‘स्टँडर्ड’मध्ये ती आहे, हे मी कशावरून मानू?

मंत्रिमहोदय, धाडी घाला, क्लिनिकं बंद करा, असं मी म्हणत नाही. धाडीची बातमी दोन दिवस टिकते. माझी मागणी एका कागदाची आहे. त्वचेवर लेसर, आयपीएल किंवा केमिकल पील (आम्ल लावून वरची कातडी सोलणं) झालं की माणूस दाराबाहेर पडण्याआधी त्याच्या हातात त्या दिवसाची नोंद पडली पाहिजे, न मागता. मशीनचं नाव, तरंगलांबी किंवा फिल्टर, ऊर्जा, झोताचा कालावधी. पील असेल तर आम्ल कोणतं, किती टक्के, किती मिनिटं ठेवलं. त्वचेचा प्रकार, पॅच टेस्टची तारीख, आणि यंत्र हातात धरणाऱ्या व्यक्तीचं नाव व शिक्षण. साध्या गोळ्यांच्या पाकिटावर बॅच नंबर असतो, मुदत असते. चेहरा भाजू शकणाऱ्या यंत्राचा मात्र मागमूस उरत नाही.

यात कामाचा बोजा वाढेल, असं क्लिनिकवाले म्हणतील. पण हे बहुतेक आकडे मशीनच्या पडद्यावर दिसत असतात, तिथून उतरवायला दोन मिनिटं पुरतात. शिवाय कागद लिहायचा म्हटलं, की ‘गेल्या पंधरवड्यात उन्हात फिरलात का?’ हा प्रश्नही कुणाला तरी आठवेल. नीट काम करणाऱ्या डॉक्टरांना तर हा कागद सोयीचाच आहे, उद्या कुणी खोटी तक्रार केली तर त्यांच्या हाती पुरावा राहील.

सोबत मला त्या दिवशी मिळालेल्या बिलाची प्रत जोडते आहे. क्लिनिकचं नाव मी खोडलं आहे. तपशिलाच्या रकान्यात ‘ग्लो पॅकेज, सिटिंग 2’ असं लिहिलं आहे. नाव मी खोडलं, पण त्या रकान्यात मुळातच एवढंच होतं.

कळावे,
आपली,
एक रुग्ण