चौकशी समितीने रात्री दोन वाजता वॉर्डात यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात काही अघटित घडले की दोन दिवसांनी आपल्या अंकात एक ठरलेली ओळ येते : 'चौकशी समिती नेमली असून दोषींवर कठोर कारवाई केली जाईल.' सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली मी परिसेविका, म्हणजे वॉर्ड सांभाळणारी सिस्टर. अशा एका समितीत मीही होते, म्हणून हे पत्र.

रात्रपाळीत एका नव्या सिस्टरने अँटिबायोटिकची पावडर डिस्टिल्ड वॉटरऐवजी पोटॅशियम क्लोराइडमध्ये विरघळवली. इंजेक्शन शिरेत थोडेसे जाताच 'हात जळतोय' म्हणून रुग्ण ओरडला, तिने हात आवरला, आणि दोन दिवस आयसीयूत काढून तो वाचला. पोटॅशियम असे थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. आम्ही तिचा जबाब घेतला, 'लेबल वाचले नाही' असा निष्कर्ष काढला आणि एक वेतनवाढ रोखायची शिफारस केली. मी सही केली.

त्या अहवालात जे नव्हते ते आज सांगते. पुरवठादार नुकताच बदलला होता आणि डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम या दोन्हींच्या अँप्यूल (सीलबंद कुप्या) १० मिलीच्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या, निळ्या अक्षरांच्या आल्या होत्या. ट्रीटमेंट टेबलावरची ट्यूबलाइट कित्येक दिवस बंद होती. ती बदलण्यासाठीचे इंडेंट (मागणीपत्र) माझ्याच अक्षरातले. जोडीच्या सिस्टरला लेबर रूमला पाठवल्यामुळे ४५ रुग्णांमागे ही एकटी. आणि मुळात पोटॅशियम रोजच्या ट्रेत ठेवलेच का होते? हा प्रश्न ना मला सुचला, ना साहेबांना. पुढे दुसऱ्या वॉर्डातल्या एकीने खासगीत सांगितले, की तिच्याही हाती तीच अँप्यूल आली होती. वेळेत दिसली, तिने फेकून दिली आणि गप्प बसली. मेमो कोणाला हवा असतो?

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. निलंबने झाली, दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, ११ रुग्ण गेले. पुन्हा एक डॉक्टर आणि परिचारिकांना अटक. वायरिंग, विजेचा भार, आग विझवण्याची यंत्रणा, त्यासाठीचा निधी हे त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांच्या हातात किती होते? २०२३ मध्ये नांदेडला एका दिवसात २४ मृत्यू झाले, तेव्हा तर खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्याने औषधसाठा वाढला असेल असे मला वाटत नाही.

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २००१ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या १८ वर्षांच्या मुलाला व्हिन्क्रिस्टीन हे शिरेतून द्यायचे औषध चुकून मणक्यात दिले गेले आणि तो वारला. एका डॉक्टरला तुरुंगवासही झाला. पण बाहेरच्या तज्ज्ञाने तपास केला तेव्हा दिसले, की एका माणसाच्या हलगर्जीपणाने हे घडलेले नव्हते. अनेक ठिकाणच्या फटी एका रेषेत आल्या होत्या. शिवाय शिरेच्या औषधाची सिरिंज मणक्याच्या सुईला सहज बसत होती! पुढे हे औषध सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केली. पिशवी कोणी मणक्यात टोचत नाही.

त्याच इंग्लंडने ऑगस्ट २०२२ मध्ये अशा तपासाची नवी चौकट आणली. तपासाचे नेतृत्व करणाऱ्याने आधी किमान दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असलेच पाहिजे, रुग्णाच्या नातेवाइकांना सामील करून घ्यायचे, आणि दोष ठरवणे हा या तपासाचा हेतूच नाही. आपल्याकडे समितीत नेमणूक होते ती हुद्द्यावरून. प्रशिक्षण कोणी विचारतही नाही.

हे आपल्याला अगदीच नवीन आहे असेही नाही. बाळंतीण दगावली की जिल्ह्यात माता मृत्यू अन्वेषण होते. तिथे आपण विचारतो : घरून निघायला उशीर का झाला, वाटेत गाडी मिळाली का, पोचल्यावर रक्त होते का? नातेवाइकांनाही जिल्हाधिकाऱ्यांसमोर बोलावतात. (बैठक कधीकधी कागदावरच होते, तो भाग वेगळा.) हीच रीत चुकीच्या इंजेक्शनला, पलंगावरून पडलेल्या म्हाताऱ्याला, बंद पडलेल्या व्हेंटिलेटरला का नाही?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डॉक्टर, परिसेविका, औषधनिर्माता, यंत्रे सांभाळणारा अभियंता आणि बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेचा माणूस, असा पाच जणांचा गट आधीच तयार करून शिकवून ठेवावा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला हे अवघड नाही. शिकवायचे ते हे, की जबाब घेण्याआधी त्याच वेळी त्याच वॉर्डात उभे राहून औषधांचा राउंड बघायचा; पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना काय सुटते ते ऐकायचे; 'दक्षता घ्यावी' अशी शिफारस लिहायचीच नाही, कारण तिने काही बदलत नाही. पोटॅशियम वॉर्डातून काढून औषध भांडारात कुलपात ठेवावे, ही शिफारस. ट्यूबलाइट दोन दिवसांत बदलावी, ही शिफारस.

कोणी दारू पिऊन ड्युटीवर आला, कोणी जाणूनबुजून रुग्ण टाकून गेला, तर त्याला जरूर शिक्षा करा. पण ती खातेनिहाय चौकशी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या माणसांकडून व्हावी. एकाच समितीने दोन्ही करायचे ठरवले तर तिला खरे कोणी सांगणार नाही. मीही सांगितले नसते.

त्या सिस्टरची वेतनवाढ पुढे मिळाली की नाही, मला माहीत नाही. तिची बदली झाली.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा